आंधळगावात आलेला चिनी लग्नाचा घागरा

जुनी वस्त्रे विकणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेला लाल रेशमी चिनी घागरा भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या कोसा, म्हणजे रानरेशीम, विणणाऱ्या आंधळगावात येऊन पोहोचला. भरतकाम वर्णनापेक्षा सरस निघाले. वय मात्र विक्रेत्याने सांगितले तेवढे दिसत नाही.

चीनमध्ये याला मामियान म्हणतात. एकावर एक येणारे दोन भाग, पुढे-मागे सपाट पट्टा, बाजूंना चुण्या आणि हे सगळे एका सुती कमरपट्ट्याला शिवलेले, अशी त्याची रचना असते. रेशमाला सुती पट्टा पाहून एखाद्याला ते मागाहून केलेले जोडकाम वाटेल. पण सूत कमरेवरून घसरत नाही आणि वरच्या अंगरख्याखाली दिसतही नाही. आमच्या करवतकाठी साडीतही अंग कोशाचे आणि काठ सुताचे असल्यामुळे इथल्या विणकरांना त्याचे काहीच वाटले नाही. त्यांची नजर खिळली ती धाग्यावर. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचा आपला कोसा मुळातच मधाळ रंगाचा आणि जरा खरबरीत; हे तुतीचे रेशीम इतके गुळगुळीत, की उजेडात कापड हलवले तरी टाक्याच्या दिशेप्रमाणे पाकळीची छटा पालटते. फुलांचे गाभे मोहरीहून बारीक गाठींनी भरले आहेत, आणि प्रत्येक गाठ सुटी घातलेली आहे. सोनेरी धागा कापडातून ओवलेला नाही. सोन्याचा वर्ख दिलेल्या कागदाची पट्टी रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळून तो जोडीने पृष्ठभागावर मांडला आहे आणि बारीक टाक्यांनी जागोजागी बांधला आहे. धुलाईचा विचारही करू नये, तो यामुळेच.

विक्रेता हा घागरा दोनशे वर्षांपूर्वीचा असल्याचे सांगतो. अस्तर एका कडेला उसवले आहे, आणि तिथून दिसणारा उलट बाजूचा जांभळा धागा इतका भडक आहे की तो रासायनिक रंगाचाच वाटतो. तसा पहिला जांभळा रंग 1856 मध्ये लंडनमध्ये तयार झाला. चीनची शेवटची छिंग राजवट 1912 पर्यंत टिकली, तेव्हा घागरा त्या काळाच्या अखेरचा असू शकतो, पण किंमत दोनशे वर्षांची लावणे पटत नाही.

पार्सलची बांधणी तर अक्षम्य. भरतकामावरूनच घडी घातल्यामुळे सोनेरी धागा दोन ठिकाणी उचकटला आहे. चुण्यांमध्ये जुन्या धोतराच्या सुरळ्या घालून घागरा आडवा ठेवावा, विशेषतः आमच्याकडच्या धानाच्या पावसाळ्यात. नेसण्यासाठी कोणी घेऊ नये. टाके शिकायचे असतील त्यांनी जरूर घ्यावा, मात्र पैसे पाठवण्यापूर्वी उलट बाजूचे छायाचित्र मागून घ्यावे.