भूतानचा प्रवेश परवाना: आधी ऑनलाइन की फुन्शोलिंगच्या खिडकीवर?

पश्चिम बंगालमधल्या जयगाव या सीमेवरच्या गावामार्गे भूतानला निघालेल्या एका कुटुंबाने परवाना घरबसल्या ऑनलाइन काढावा की सीमेपलीकडच्या फुन्शोलिंग या भूतानी गावातल्या कार्यालयाच्या खिडकीवर, असे विचारले आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना मात्र लागतो.

खर्चात फरक नाही. शाश्वत विकास शुल्क, म्हणजे भूतान पर्यटकांकडून मुक्कामाच्या रात्रींमागे घेतो ती रक्कम, प्रौढांना दर रात्री माणशी १,२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे आहे, आणि अर्ज कुठेही केला तरी ते भरावेच लागते.

खरा फरक कागदपत्रांत पडतो. आधार कार्ड चालत नाही. किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे, आणि ओळखपत्र नसलेल्या मुलांचा जन्मदाखला इंग्रजीत असलेला बरा. ऑनलाइन अर्जात यातली उणीव घरीच कळते व दुरुस्तीला वेळ मिळतो. तीच उणीव खिडकीवर उघडी पडली, तर सगळे कुटुंब जयगावच्या लॉजवर अडकते.

वेळेचा हिशेबही करावा. भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असल्यामुळे तिथले कार्यालय आपल्या घड्याळाने अर्धा तास आधी बंद होते. जयगावजवळच्या हासीमारा रेल्वे स्थानकावर दुपारी उतरणाऱ्यांनी हे विसरू नये.

ठरलेल्या तारखा, हॉटेलचे आरक्षण आणि सोबत मुले किंवा वयस्कर माणसे असतील, तर ऑनलाइनच अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तारखा नक्की नसलेल्या, हाती एक मोकळा दिवस राखलेल्या एकट्यादुकट्या प्रवाशाला खिडकी सोयीची आहे.