नवा सेन्सर, जुना लाल ठिपका

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये झोपतं कोण? मिलच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. गिरण्या कधीच बंद पडल्या, झाक्या मात्र अजून निघतात. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा मुलाने कॅमेरा घेऊन दिला. साधा मोबाइल नाही, लेन्स बदलता येणारा मोठा. तेव्हापासून ही रात्र मी चुकवत नाही.

त्या वर्षी झाक्या यायच्या आधी ओळखीच्यांच्या गॅलरीत तिपाई लावून मी रोषणाईतल्या राजवाड्याचे चार फोटो काढले, प्रत्येकी वीस सेकंदांचे. हे चार फोटो लक्षात ठेवा. मग खाली उतरले आणि घामाच्या हातांनी, त्या गर्दीतच लेन्स बदलली. कॅमेरा अडला. पडद्यावर इंग्रजीत संदेश: लेन्सशी संपर्क नीट होत नाही, लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ करा. बंद केला, चालू केला, पुन्हा तेच. संदेश मी वाचला होता. उपाय त्यातच लिहिलेला होता. पण घाबरलेल्या माणसाला दारावरचं ‘ढकला’सुद्धा ‘ओढा’ दिसतं.

दोन दिवसांनी राजवाड्यामागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवर तिशीतला मुलगा. सुरुवातीला हिंदीच चाललं होतं. मध्येच ह्यांचा फोन आला, मी मराठीत बोलले आणि तो एकदम खुलला. “काकू, तुम्ही मराठी? मग आधी नाही का सांगायचं!”

आमचा पाय इथेच घसरतो. घराबाहेर दिवसभर हिंदी बोलायची सवय असलेल्या आम्हा इंदूरकरांना दुकानात कुणी मराठी बोललं की कनवटीची गाठ आपोआप सैल होते. त्याची आजी देवासची निघाली, माझं सासर देवासचं. चहा आला.

बोलता बोलता त्याने कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट फिरवला, डोळ्याला लावला आणि माझ्यापुढे धरला. “बघा बरं काकू, कसं दिसतंय?” मी पाहिलं. सगळं धूसर, पाण्यातून पाहावं तसं. पोटात गोळाच आला. “सेन्सर गेलाय,” तो म्हणाला. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग. “मदरबोर्डवरही लोड आलाय, पण तो वाचवू. साडेनऊ हजार होतात, तुमच्याकडून आठ घेईन.” एवढं सगळं त्याने एकही स्क्रू न उघडता सांगितलं. आज लिहिताना हे ढळढळीत दिसतं. तेव्हा मी त्याच्या अनुभवाचं कौतुक करत होते.

तीन हजार आगाऊ दिले. पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल, म्हणाला. मी कच्च्यावर समाधान मानलं. पण शिक्षिकेची खोड, त्यावर ‘सेन्सर बदलला’ असं लिहून आणि सही करून घेतली. मूर्खपणाच्या त्या आठवड्यात मी केलेली एवढीच शहाणी गोष्ट.

सहा दिवसांनी कॅमेरा मिळाला. चालत होता, दिसतही स्वच्छ होतं. सोबत प्लास्टिकच्या छोट्या पुडीत काढलेला ‘जुना सेन्सर’. काच बसवलेली इवलीशी चौकट, मागे हिरवी पट्टी. “आम्ही जुना पार्ट ग्राहकालाच देतो काकू, म्हणजे शंका नको.” मी ती पुडी घरी सगळ्यांना दाखवली.

मग कोजागिरी आली, अनंत चतुर्दशीनंतर साधारण महिन्याने. गच्चीवर दूध आटत होतं आणि मी चांदण्यातल्या घरांचा फोटो काढला, पंचवीस सेकंदांचा. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला एक लाल ठिपका. दिवा म्हणावा तर तिथे दिवा नाही. पण हा ठिपका मी आधी कुठेतरी पाहिला होता. राजवाड्याचे फोटो उघडले. वरच्या मजल्याच्या अंधाऱ्या खिडकीजवळ तोच लाल ठिपका, चारही फोटोंत.

सेन्सरवर लाखो-कोटी बारीक बिंदू असतात. त्यातला एखादा बिघडतो आणि अंधारात, जास्त सेकंदांच्या फोटोत, उगाचच पेटतो. धुळीचा डाग वेगळा. तो काळपट असतो, आकाशाच्या फोटोत लेन्सचं छिद्र लहान केलं, एफ १६ किंवा २२ वर, की उठून दिसतो, आणि पंपाने हवा मारली की हलतो किंवा जातो. पेटलेला बिंदू हलत नाही. तो सेन्सरचाच भाग असतो, जन्मखुणेसारखा. मी साध्या चित्रं पाहायच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फोटोंतल्या ठिपक्यावर कर्सर नेला आणि खाली दिसणारे आकडे वहीत लिहिले. आडवा आकडा तोच, उभा आकडाही तोच. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख बिंदू. नव्या सेन्सरवर नेमका तोच बिंदू बिघडावा याची संभाव्यता मी मुलांना नववीत शिकवायचे.

मग पुडी काढली आणि कंपासपेटीतली पट्टी लावली. आतली काच सहा मिलिमीटर रुंद, उंची साडेचारच्या आसपास. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानांवर सेन्सरचं माप दिलेलं असतं: रुंदी बावीस मिलिमीटरहून थोडी जास्त. पुडीतला तुकडा एखाद्या खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यातून उचललेला होता. तीन आठवडे तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि मापायचं सुचलं नाही, तेही मला!

पुस्तक उघडलंच होतं म्हणून पुढे वाचत गेले आणि एका आकृतीवर थबकले. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक बारीक दातेरी चाक असतं. ज्याचा चष्म्याचा नंबर जसा, तसं ते फिरवून खिडकीतलं चित्र डोळ्याला जुळवून घ्यायचं. मी ते अंगठ्याने दोनतीन दाते फिरवलं आणि डोळा लावला. तेच धूसर, पाण्यातून पाहावं तसं. त्याने काउंटरवर कॅमेरा ‘उलटसुलट’ फिरवताना हेच केलं होतं. बरं, माझ्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात खिडकीतलं चित्र लेन्समधून आरशावर, तिथून काचेच्या प्रिझममधून डोळ्यात येतं. सेन्सरचा त्यात काडीचा संबंध नाही. सेन्सर जळून खाक झाला तरी खिडकीतून स्वच्छच दिसेल.

आणि मूळ बिघाड? लेन्सच्या मागे सोनेरी टिकल्यांची एक ओळ असते, तशीच कॅमेऱ्याच्या तोंडाशी. घाम, धूळ, बोटांचा तेलकटपणा तिथे बसला की दोघांचं बोलणं तुटतं. कोरड्या, स्वच्छ सुती कापडाने पुसायचं, बस. काही जण खोडरबर वापरतात. लेन्सवर ठीक, कॅमेऱ्याच्या तोंडाशी नको, चुरा आत पडतो. त्याने बहुधा एवढंच केलं, तेही शर्टाच्या टोकाने केलं असेल.

बॅटरीची गोष्ट तर मला त्याहीनंतर कळली. पूर्वी एका चार्जिंगवर दिवस निघायचा, आता शंभर फोटोंत मान टाकत होती. काढून पाहिली तर स्टिकरवरची अक्षरं पुसट आणि अंगाने जरा फुगलेली. माझी मूळ बॅटरी त्याच्याकडेच राहिली. दुरुस्तीला सेन्सरसाठी दिलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी आणि कार्ड ठेवून का दिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता कुणी विचारलं तर सांगते: दोन्ही काढून घ्या, पट्टासुद्धा. बुडावरचा सिरियल नंबर त्याच्यासमोर बिलावर लिहा. आणि आदल्या रात्री घरी लेन्सवर झाकण लावून तीस सेकंदांचा एक काळा फोटो काढून जपून ठेवा. त्यात दिसणारे लाल-निळे ठिपके तुमच्या सेन्सरच्या बोटांचे ठसे. परत आल्यावर तसाच एक काढायचा आणि शेजारी शेजारी ठेवायचा.

दोन प्रिंट, बिल, पट्टी आणि पुडी घेऊन आम्ही दोघं गेलो. ह्यांना मी आधीच बजावलं होतं, आवाज चढवायचा नाही. “नव्या सेन्सरमध्येपण असे डॉट असतात काकू,” तो म्हणाला. मी दोन्ही आकडे दाखवले. मग म्हणाला, कारागिराने काय केलं मला माहीत नाही. मी काउंटरवरच पुडी ठेवून पट्टी लावली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही वाकून बघायला लागली. तो हळूच म्हणाला, “आत या ना, बसून बोलू.” मी म्हटलं, इथेच बरं आहे; नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावते आणि त्यांच्याशी बोलू. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही, हेही वाचून गेले होते. ‘सेन्सर बदलला’वर त्याचीच सही होती.

साडेपाच हजार परत मिळाले. अडीच हजार ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून त्याने धरून ठेवले. बॅटरी ‘हीच होती’. आणखी भांडायला हवं होतं असं ह्यांचं अजूनही मत आहे. माझे गुडघे त्या जिन्यावर पुन्हा चढायला तयार नव्हते.

नोटा मोजून पर्समध्ये ठेवल्या, सामान आवरलं आणि निघाले, तर त्याने मागून हाक मारली. अगदी सहज, मराठीत.

“काकू, ती पुडी तेवढी ठेवून जा ना.”