पैसे खरे होते, गिऱ्हाईक खोटं होतं

खात्यात पैसे जमा झालेत की नाही ते बघायचं आणि मगच माल पाठवायचा, एवढं आता ऑनलाइन विकणाऱ्या आमच्यातल्या प्रत्येकीला पाठ आहे. खोटा स्क्रीनशॉट, बनावट एसएमएस, फौजी असल्याचं सांगून ‘पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारे फोन, हे ऐकून ऐकून आम्ही सावध झालोय. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे माझ्या सासूबाईसुद्धा सांगतात. मी जे लिहितेय ते याच्या पुढचं आहे. माझ्या खात्यात पैसे खरंच आले होते. शिल्लक वाढलेली दिसत होती, स्टेटमेंटमध्ये नोंद होती. तरी आमचे 60,000 रुपये गेले.

आम्ही सावंतवाडीत लाकडाच्या वस्तू करतो. कातारी काम नवऱ्याचं, रंगकाम माझं, आणि हंगामात शेजारच्या दोघी हाताखाली येतात. चितार आळीतली लाकडी फळं, भातुकली, पाट यांना पर्यटकांचं गिऱ्हाईक असतं, पण ते सुट्ट्यांपुरतं. पावसाळ्यात इथे रंग वाळता वाळत नाही, लाकडावर बुरशी धरते, वाटेवरचं गिऱ्हाईकही आटतं. म्हणून इन्स्टाग्रामवर पान काढलं. करंड्यांवर मी गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांवरची चित्रं काढते, तीच लोकांना आवडली. पुण्या-मुंबईहून ऑर्डरी यायला लागल्या.

गेल्या दिवाळीच्या आधी एका माणसाचा मेसेज आला. बोलणं स्वच्छ, मला ‘ताई’ म्हणणं, कुठे घाई नाही. पुण्यात बहिणीचं लग्न आहे, पाहुण्यांना द्यायला 80 करंडे हवेत, म्हणाला. दशावतारी गंजिफाची त्याला माहिती होती. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकी 12 पानं, मिळून 120, राजा आणि प्रधानाचं पान वेगळं, हे सगळं त्यानं मला सांगितलं. झाकणावर एकेका अवताराची खूण काढायची, मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव असं करत दहा अवतारांचे आठ-आठ करंडे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला वधूवरांची नावं. कलेबद्दल इतक्या आस्थेनं विचारणारं गिऱ्हाईक आम्हाला वर्षातून एखादंच भेटतं. एका करंड्याचे 240 रुपये ठरले, एकूण 19,200. निम्मे, म्हणजे 9,600 रुपये, आगाऊ द्यायचे.

नावं लिहायची असली की निम्मी रक्कम आधी घ्यायची ही आमची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. नावं घातलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही.

पैसे आले ते महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे बँकेला सुट्टी. 9,600 च्या जागी 69,600. पाच मिनिटांत त्याचा फोन. “ताई, माझ्या अकाउंटंटनं घोळ घातला. मंडपवाल्याचे 60,000 तुमच्याकडेच आलेत. तुमचे 9,600 ठेवून घ्या, बाकीचे मी देतो त्या नंबरवर पाठवा. मंडपवाला दारात उभा आहे, साहित्य उतरवत नाहीये.” मागून ट्रकचा, माणसांचा आवाज येत होता.

मी ॲपमध्ये बघितलं, पैसे होते. नवऱ्यानं त्याच्या फोनवरून स्टेटमेंट काढून बघितलं, तिथेही होते. पैसे पाठवणाऱ्याचं नाव बाईचं होतं. ते विचारलं, तर म्हणाला भागीदाराच्या आईचं खातं आहे, धंद्याचे व्यवहार त्यातूनच होतात. सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याचो पैसो आपल्या घरात रातभर पण नको गो. देवन टाक.” आमच्या घराला हेच वळण आहे आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. मी मंडपवाल्याच्या म्हणून दिलेल्या यूपीआय नंबरावर दोन वेळा मिळून 60,000 पाठवले. त्यानं आभार मानले, आशीर्वाद मागितले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही करंडे कातायला घेतले.

माल निम्म्यावर आला होता तेव्हा लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायला गेले आणि व्यवहार होईना. बँकेत गेलो, तर खातं गोठवलेलं. परराज्यातल्या सायबर पोलिसांकडून सूचना आली आहे, यापलीकडे काउंटरवरच्या माणसाला काही सांगता येत नव्हतं. आत पैसे जमा होत होते, बाहेर एक रुपया निघत नव्हता. दिवाळीचा हंगाम, हाताखालच्या दोघींची मजुरी द्यायची, कुरिअरचे पैसे द्यायचे, आणि सगळं त्या एका खात्यात. त्या माणसाचा नंबर तेव्हापासून बंद आहे.

हे कसं घडतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. ते नीट सांगते, कारण एवढं कळलं की डाव ओळखता येतो.

माझ्या खात्यात आलेले 69,600 रुपये दूरच्या राज्यातल्या एका वयस्कर बाईंचे होते. चोरानं त्यांना कसल्याशा धमकीनं घाबरवलं आणि त्यांच्याकडून पैसे पाठवून घेतले. पाठवायला खाते क्रमांक कुठला दिला? माझा. चोराला स्वतःच्या खात्यात चोरीचे पैसे घ्यायचे नसतात, कारण तक्रार झाली की पोलीस पहिल्यांदा त्याच खात्यावर जातात. मधे एक स्वच्छ खातं हवं असतं. काही लोक दलालीसाठी आपली खाती अशा टोळ्यांना भाड्यानं देतात, त्यांना म्यूल खातं म्हणतात. पण आमच्यासारख्यांचं खातं त्यांना त्याहून सोयीचं. आमच्या पानावर फोन नंबर उघडा असतो, क्यूआर उघडा असतो. अनोळखी लोकांकडून रोज पैसे येतात, त्यामुळे आणखी एक अनोळखी जमा कुणाच्या डोळ्यांत येत नाही. आगाऊ रक्कम घेण्याची रीत आहे. आणि जास्तीचे पैसे परत करणारी माणसं आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्या बाईंनी 1930 या क्रमांकावर तक्रार केली. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच कळवलं जातं, तिथून पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला, अशी साखळी लागते. या साखळीतल्या प्रत्येक टप्प्याला पोलीस लेयर म्हणतात. मी पहिल्या लेयरमध्ये होते. पुढच्या लेयरमधल्या ‘मंडपवाल्या’च्या खात्यातून रक्कम त्याच रात्री काढलेली होती. तिथे रोखायला काही उरलं नव्हतं, माझ्याकडे होतं. आधी पूर्ण खातं गोठलं, बरीच पत्रं लिहिल्यावर ते मोकळं झालं, पण त्यातले 69,600 रुपये काढायला बंदी तशीच राहिली. त्यातले 9,600 त्याचे आगाऊ. उरलेले 60,000 आमचे, करंडे आणि पाट विकून साठवलेले. चोरानं त्या बाईंना लुबाडलं आणि भरपाई आमच्या खात्यावर टाकून तो निघून गेला.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत. पण एका म्हातारीचं नुकसान भरून काढायला पांगाऱ्याचं लाकूड कातणाऱ्या घराची वर्षाची बचत अडकावी, आणि मधला माणूस कुणाच्या हाती लागू नये, याचा मात्र मला फार संताप येतो. बँकेत आणि फोनवर माझ्याशी जे बोलणं झालं तेही आरोपीशी बोलावं तसं. ‘तुमच्या खात्यात पैसे आलेत ना?’ हाच प्रश्न परत परत. हो, आलेत. विक्रेत्याच्या खात्यात पैसे येणारच.

म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा. गिऱ्हाईकानं ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवले आणि उरलेले तिसऱ्याच कुणाला द्या म्हणाला, तर एक रुपयाही हलवू नका. मंडपवाला, केटरर, कुरिअरवाला, ड्रायव्हर, नाव कुठलंही असो. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत गेले पाहिजेत, आणि तेसुद्धा तुमच्या हातानं नकोत, बँकेमार्फत. शाखेत लेखी अर्ज द्या की अमुक तारखेला अमुक व्यवहार क्रमांकानं अनोळखी रक्कम जमा झाली आहे, ती मूळ खात्यात परत करावी, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. बँक बंद असेल तर उघडेपर्यंत थांबायचं. खऱ्या गिऱ्हाईकाची सोमवारपर्यंत थोडी गैरसोय होईल, एवढंच. ज्याचा अकाउंटंट खरोखर चुकलाय तो स्वतःच्या बँकेला सांगू शकतो. तो फोनवर रडेल, शिव्या देईल, पोलिसांत जाईन म्हणेल. जाऊ द्या.

पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर देणाऱ्याचं नाव वेगळं दिसलं, तर काम सुरू करण्याआधी ज्याच्या खात्यातून पैसे आले त्या माणसाशी बोलायला मागा. आम्ही आता एवढं विचारतो आणि कुठल्याही खऱ्या गिऱ्हाईकाला त्यात वावगं वाटलेलं नाही.

पैसे पुढे गेलेच असतील आणि संशय आला, तर खातं गोठण्याची वाट बघू नका. 1930 वर स्वतः फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम सापडण्याची शक्यता जास्त. आणि आपण आधी तक्रार केलेली असली की आपणही फसलेले आहोत हे सांगायला हातात कागद असतो.

खातं गोठलं असेल तर बँकेकडे लेखी मागा: तक्रारीचा पावती क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, वादातली नेमकी रक्कम किती. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. आम्हाला हे तीन तपशील मिळेपर्यंत सगळं अंधारात होतं. मिळाल्यावर तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टनं सगळं पाठवलं: पहिल्या मेसेजपासूनचं बोलणं, दर ठरल्याचा मजकूर, 60,000 पाठवल्याच्या नोंदी, अर्धवट करंड्यांचे फोटो, लाकडाची पावती, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), आधीच्या ऑर्डरींचे व्यवहार. आमचा धंदा खरा आहे हे त्या कागदांनीच सिद्ध झालं. तेव्हा गिऱ्हाईकाशी झालेलं बोलणं पुसू नका. फोनमध्ये जागा नसेल तर फोटो पुसा, बोलणं ठेवा.

पूर्ण खातं गोठवण्यापेक्षा वादातल्या रकमेपुरतीच बंदी ठेवा, ही मागणी अर्जात स्पष्ट लिहा. केरळ उच्च न्यायालयानं 2023 मध्ये अशाच एका प्रकरणात हा मुद्दा मान्य केलेला आहे, वकिलानं आमच्या अर्जात तो घातला. बंदी उठवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बँकेनं लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

यात आणखी एक सापळा आहे. आमचं खातं गोठल्यावर एकाचा फोन आला. गोठलेली खाती उघडून देतो, सायबर विभागात ओळख आहे, रकमेच्या 15 टक्के द्या, निम्मे आधी. खातं बंद असल्याचं त्याला कसं कळलं ते मला माहीत नाही, पण माणूस हातघाईला आलेला असताना असा आवाज देवासारखा वाटतो. आमच्याच ओळखीच्या एका जोडप्यानं असे पैसे भरले आणि तेही गेले. तसंच कारागीर म्हणून हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळणारं ‘पहचान’ ओळखपत्र काढून देतो म्हणून पैसे मागणारे फिरतात. त्याला फी लागत नाही. मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात स्टॉल देतो म्हणून आगाऊ भाडं मागणारेही आहेत. आधी त्या सभागृहाला फोन करून त्या तारखांना प्रदर्शन आहे का ते विचारा.

आम्ही आता दोन खाती ठेवलीत. पानावर जे दिसतं त्या खात्यात ऑर्डरीचे पैसे येतात आणि दर आठवड्याला बँकेत जाऊन ते घरच्या खात्यात वळवतो. त्यामुळे उद्या पुन्हा काही झालं तरी मजुरी आणि मुलाची फी थांबण्याची भीती कमी. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला इकडे करवंटीचं, शिंपल्यांचं, बांबूचं काम घरातून विकणाऱ्या कितीतरी बायका एकाच खात्यावर बचत गटाचा हप्ता, घरखर्च आणि धंदा चालवतात. त्यांनी एवढं एक तरी या महिन्यात करून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. बँकेत फक्त अर्धा दिवस जातो.

ते करंडे घरात आहेत. आतली नावं घासून काढून पुन्हा रंग दिला की विकता येतात, पण घासताना लाकूड पातळ होतं, म्हणून निम्म्या किमतीला देतोय. 69,600 रुपयांवरची बंदी अजून उठलेली नाही. दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज आत गेलाय. त्याचं काय होतं ते कळलं की लिहीन, आणि तोपर्यंत कुणाचं खातं असंच अडकलं असेल तर आमच्या अर्जांचा मजकूर मागून घ्या, नावं-आकडे बदलून तुम्हाला वापरता येईल.