एकच लांब पान की चार वेगळी पानं? छोट्या वेबसाइटचा हिशोब

माझ्या मामेभावाचं गुहागरला होमस्टे आहे, चार खोल्यांचं, आणि मार्च ते मे घरच्या बागेतला हापूस पेटीने विकतो. गेल्या दिवाळीत म्हणाला, ताई वेबसाइट करायचीय, सगळं एकाच पानावर टाकू की सात-आठ पानं करू? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच टाकते. मी स्वतः दोन्ही प्रकार केलेत आणि दोन्हीत माती खाल्लीय.

आधी एकपानी साइट. एकच इंडेक्स फाइल (साइट उघडली की पहिली दिसते ती), त्यात वरून खाली खोल्या, जेवण, दर, पत्ता, आणि मेनूतल्या लिंका त्याच पानातल्या त्या त्या जागी उडी मारतात (लिंकमध्ये हॅशचं चिन्ह, म्हणजे #, आणि त्या भागाला दिलेलं नाव, म्हणजे आयडी, एवढंच). एका संध्याकाळी होते. मेनू एकाच जागी असतो त्यामुळे बदल करायला त्रास नाही, आणि फोनवर खाली सरकवत जायची सवय तर आपल्या आजीलाही आहे.

पण दोन बारीक खड्डे आहेत. मेनूची पट्टी वर चिकटलेली ठेवली तर उडी मारल्यावर शीर्षक नेमकं तिच्याखाली जाऊन लपतं, त्याला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) स्क्रोल-मार्जिन-टॉप, म्हणजे वर थोडी मोकळी जागा, द्यायचं, काम झालं. दुसरं म्हणजे फोटोंची रुंदी-उंची लिहिली नसेल तर 'दर' वर टॅप केलेला माणूस अंगणातल्या झोपाळ्यापाशी पोचतो, कारण वरचे फोटो उशिरा उघडतात आणि खालचा मजकूर ढकलतात.

खरी अडचण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कळते. आपल्याकडे गिऱ्हाईक साइट शोधत येत नाही, ते "आंब्याचा रेट काय?" असा मेसेज टाकतं आणि आपण लिंक पाठवतो. एकपानी साइटची आंब्याची लिंक पाठवली तरी प्रीव्ह्यूत दिसणार खोलीतला पलंग, कारण हॅशच्या पुढचा भाग सर्व्हरपर्यंत, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरपर्यंत, जातच नाही, आणि सगळ्या पानाला शीर्षक एक, फोटो एक. गूगलच्या लेखीही ते सगळं मिळून एकच पान.

वेगळी पानं केली की प्रत्येकाला आपलं शीर्षक, आपला फोटो. आंब्याचं पान पाठवलं की पेटी दिसते. दर आठवड्याला रेट बदलतो ना, तो फक्त त्या एका पानावर लिहायचा आणि बाकी ठिकाणाहून तिकडे नुसती लिंक द्यायची. रेट तीन ठिकाणी लिहिला की कुठेतरी जुना राहतोच, मग फोनवर वाद, "तुमच्याच साइटवर बघितला ओ!"

याची किंमत म्हणजे मेनू. हाताने एचटीएमएल (पानाचा कोड) लिहित असाल तर तोच मेनू प्रत्येक फाइलमध्ये चिकटवायचा, आणि नवीन पान आलं की प्रत्येक फाइल उघडायची, एखादी विसरणारच. वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) घेतलं तर मेनू एका जागेवरून बदलतो, पण मग प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) आणि अपडेटचं गाढव पाळावं लागतं. माझ्या मते पाच पानांपर्यंत हातानेच लिहावं, त्यापुढे नाही.

लिंका लिहायच्या कशा यातही निवड आहे आणि इथेच लोक जास्त फसतात. पूर्ण पत्ता लिहिला, डोमेनसकट (साइटच्या नावासकट), तर लिंक कुठूनही चालते, पण घरच्या लॅपटॉपवर तपासताना टॅप केलं की थेट इंटरनेटवरच्या जुन्या कॉपीवर जाता आणि मी बदललं ते दिसत का नाही म्हणून डोकं धरून बसता. स्लॅशने सुरू होणारी लिंक साइटच्या मुळापासून मोजते, नीट हॉस्टिंगवर (साइट ठेवायला घेतलेल्या जागेवर) झकास, पण फाइल डबल-क्लिक करून उघडली तर तुटते, आणि गिटहब पेजेसवर (साइट फुकट ठेवायची सोय) साइट एखाद्या फोल्डरच्या नावाखाली असेल तर तिथेही तुटते. तिसरी म्हणजे नुसतं फाइलचं नाव. सगळी पानं एकाच फोल्डरमध्ये असतील तर हीच घ्या, सगळीकडे चालते. चार पानांसाठी फोल्डरात फोल्डर करायचा सोस कशाला?

फाइलची नावं स्मॉल इंग्रजी अक्षरांत ठेवा. मी एकदा 'कॉन्टॅक्ट' फाइलला कॅपिटल सी दिला आणि लिंकमध्ये स्मॉल. माझ्या विंडोजवर मस्त चाललं, लिनक्स सर्व्हरवर (तिथे कॅपिटल आणि स्मॉल वेगळी धरतात) चढवलं तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', आणि मला कळलं आठवड्याने. नाव मराठीत ठेवायचा मोहही मला झालेला, पण लिंक कॉपी करताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची बहुतेक वेळा नऊ अक्षरं होतात, 'आंबा' एवढ्याशा शब्दाची टक्क्याच्या खुणांसकट ३६. मेसेजमध्ये ते व्हायरससारखं दिसतं हो.

मग ठरवायचं कसं? गेल्या महिन्याभरातले गिऱ्हाइकांचे मेसेज वाचा. सगळे एकच विचारत असतील, समजा तुमची शिकवणी आहे आणि वेळ नि फी एवढंच विचारतात, तर एकपानी पुष्कळ झाली. वेगवेगळी माणसं वेगवेगळं विचारत असतील तर पानं वेगळी. आम्ही लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर एकेक पानाचं नाव लिहून ओटीवर मांडलं आणि कुठून कुठे लिंक जाते ते पेन्सिलने काढलं. 'गॅलरी' आणि 'आमच्याबद्दल' कडे कुणाला जायचंच नव्हतं, ती पहिल्या पानात मुरवली. उरली चार: पहिलं पान, खोल्या आणि जेवण, आंबा, आणि पोचायचं कसं. हे शेवटचं मला फालतू वाटलेलं, पण मेसेज त्याचेच सगळ्यात जास्त, चिपळूण स्टेशनवरून कसं यायचं, दापोलीकडून आलो तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढते का (चढते).

खोल्यांच्या पानाच्या तळाशी "इथे यायचं कसं" ही लिंक दिलीय, कारण दर पटला की माणूस पुढे तेच विचारतो. नुसतं "इथे क्लिक करा" लिहू नका, कुठे जाणार ते लिंकच्या शब्दांतच येऊ दे.

आणि एकदा लिंक वाटली की फाइलचं नाव बदलायचं नाही. मी क्यूआर कोडवाली ५०० कार्डं छापून घेतल्यावर बदललं होतं, शेवटी सर्व्हरवर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावून निभावलं. जूनमध्ये भाऊ आंब्याचं पान उडवायला निघालेला, त्याला थांबवलं. पान तिथेच आहे, रेटच्या जागी लिहिलंय, "सिझन संपला, पुढच्या मार्चला या," आणि खाली खोल्यांची लिंक.