लाकडी कोर्ट की सिंथेटिक मॅट? हॉल दुरुस्तीला काढला असेल तर

विद्यापीठाचा इनडोअर हॉल नव्याने करायचा ठरला की रंग, दिवे, पत्रे यांवर फारशी भवती न भवती होत नाही. घोडं अडतं ते खेळायच्या पृष्ठभागापाशी. मराठवाड्यातल्या एका हॉलच्या नूतनीकरणात मी समितीवर होतो, आणि त्याआधी तिथल्याच मॅटवर बरीच वर्षं पोरांना बॅडमिंटन शिकवलं. आम्ही शेवटी लाकूड घेतलं. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

मॅट स्वस्त पडते, काम झटपट उरकतं, बुटाला पकडही चांगली मिळते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा मॅटवरच होतात, हे विक्रेता हमखास ऐकवतो. खरं आहे ते. पण त्या मॅटखाली सहसा लाकडी तक्तपोशी असते, ही गोष्ट तो गिळतो. आपल्याकडे मॅट पडते थेट कोब्यावर. फूटवर्क घेतलं की पोरं गुडघे चोळत बसायची; लाकडावर ती कुरकूर कमी ऐकू येते. मोजमाप काही केलेलं नाही, कानावर येतं तेवढं सांगतो.

गुडघे राहू द्या. मला मॅट नकोशी झाली ती तिच्या सगळ्यात मोठ्या गुणामुळे: ती गुंडाळता येते. युवक महोत्सवाची तालीम, नोकरी मेळावा, परीक्षेची बाकं, कुणाचा तरी सत्कार. आदल्या दिवशी फोन ठरलेला, ‘सर, मॅट तेवढी गुंडाळून घ्या.’ शिपाई रोल ओढत भिंतीशी नेऊन उभे करतात, तिसऱ्या दिवशी परत पसरतात. तोवर कडा वर आलेल्या, दोन रोलमधला सांधा उघडा पडलेला, आणि सर्व्हिसची रेषा सांध्यावर बोटभर सरकलेली. मग चिकटपट्टी मारायची. पट्टीखाली मार्च-एप्रिलची धूळ शिरते, पट्टी सुटते, आणि मागे सरकत क्लिअर, म्हणजे उंच लांबचा फटका, मारणाऱ्या पोराची टाच नेमकी तिथे अडकते. लाकडावर लोखंडी खुर्च्या मांडायच्या म्हटलं की मागणाराच जरा बिचकतो आणि दुसरं सभागृह शोधतो. माझ्या मते लाकडाचा अर्धा पैसा इथेच वसूल होतो.

मॅट चिकटवूनच टाकावी, असंही कुणी सुचवेल. चालेल, पण आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया नीट भरलेला नसेल तर कोब्याला तडे जातात आणि ते मॅटवर उमटतात. खालून ओल आली की फुगे धरतात ते वेगळेच.

लाकडाचे नखरेही कमी नाहीत. उन्हाळ्यात फळ्या आकसून बारीक फटी दिसतात, श्रावणात त्या मिटतात, ते चालायचंच. इथली कोरडी हवा त्याला कोकणापेक्षा बरी मानवत असावी. ओल्या पोछ्याने पुसायचं नाही, ही अट तर टँकरच्या दिवसांत पथ्यावरच पडते. कबड्डीसाठी वेगळी मॅट लागतेच, ती लाकडावर अंथरता येते. बॅडमिंटनची मॅटही पुढेमागे पैसे आले तर वर टाकता येईल. उलटं करायचं तर सगळं उचकटावं लागतं.

एक मात्र आहे. वळवाच्या पावसात छत गळत असेल आणि पत्रे बदलायला पैसा नसेल, तर लाकडाच्या नादी लागू नका, सरळ मॅट घ्या. पाणी मुरलं की फळ्या कडेने उचलतात, मग पॉलिश मारून उपयोग नसतो.

छत धड असेल तर निविदेत वाळवीची फवारणी आणि फळ्यांना फुगायला भिंतीलगत सोडायची मोकळी फट या दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. ती फट दिसायला बरी नाही म्हणून ठेकेदार शेवटच्या दिवशी सिमेंटने बुजवायला बघतो. त्या दिवशी कुणीतरी तिथे हजर असलेलं बरं.