कोल्हापुरात बी.एस्सी. मायक्रो (मायक्रोबायोलॉजी, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र): मराठी मीडियमवाल्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात, "मायक्रोला घालू का पोरीला? सगळं इंग्लिशमध्ये असतंय म्हणं." म्हणून एकदाच लिहून टाकते. मी राधानगरी तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता टी.वाय.ला (तिसऱ्या वर्षाला). कॉलेज शहरातलं, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. नाव देत नाही, कारण पुढे थोडं वाईटही बोलणार आहे.

प्रॅक्टिकलला पाच स्टार. लॅबमध्ये इंग्रजी आडवं येतच नाही. ग्रॅम स्टेनिंगला (जंतू रंगवून त्यांचा गट ओळखायची पद्धत) जांभळं क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग रंग धुवायला अल्कोहोल, शेवटी गुलाबी सॅफ्रॅनिन. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की जे जंतू जांभळे दिसायला हवेत तेही गुलाबी दिसतात, आणि मॅडम अस्सल कोल्हापुरीत झापतात.

सगळ्यात भारी दुधाचं प्रॅक्टिकल. आमच्या घरी म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं. तिथं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघतात, भाव ठरतो, विषय संपला. इथं दहा मिली दुधात एक मिली मिथिलीन ब्ल्यू घालून नळी ३७ अंशाला ठेवायची आणि निळा रंग जायला किती वेळ लागतो ते बघायचं. रंग जितका लवकर जाईल तितके जंतू जास्त. दुपारपर्यंत बाहेर राहिलेल्या दुधाचा रंग अर्ध्या तासाच्या आत गेला. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "किटली उकळत्या पाण्यानं धुतली तर?" सरांनी करून बघायला परवानगी दिली. एकाच म्हशीचं दूध, दोन किटल्या. उकळत्या पाण्यानं धुतलेल्या किटलीतलं दूध कितीतरी जास्त वेळ निळं राहिलं. आता आमच्या घरात किटलीवर लक्ष ठेवायचं काम आबांकडं आहे. माझी फी इथंच वसूल झाली.

थिअरीला दोन स्टार, तेही हात राखून. लेक्चर म्हणजे डिक्टेशन. पेपर इंग्रजीत, म्हणून नोट्स इंग्रजीत, म्हणून समजावून सांगायला वेळ नाही. बॅक्टेरियात मायटोकॉन्ड्रिया (पेशीचं ऊर्जाघर) नसतो, मग क्रेब्स सायकल (अन्नातून ऊर्जा काढायची साखळी) चालते कुठं, असं विचारलं तर उत्तर आलं, "नोट्समध्ये आहे." (सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात चालते. नोट्समध्ये नव्हतं.)

खरी भीती व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं जंतू मारायचं कुकरसारखं यंत्र) १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं. पण "१०० अंशाला का नाही?" असं एक्स्टर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) विचारलं की स्पोअर्स (काही जंतूंचं टणक कवचातलं सुप्त रूप) उकळत्या पाण्यातही तगतात हे माहीत असून तोंडातून वाक्य फुटत नाही. त्याला क्लास लावायची गरज नाही. आम्ही मैत्रिणी खासबागेजवळ भेळ खाता खाता एकमेकींची व्हायवा घ्यायचो. शेजारचे लोक वळून बघायचे, बघू देत.

नोकरीचं म्हणाल तर डेअरी, डिस्टिलरी, फूड कंपन्यांच्या लॅबमध्ये संधी असते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचं तर डी.एम.एल.टी. (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) करावं लागेल, हे ॲडमिशनच्या वेळी कुणी सांगत नाही.

आणि प्रॉस्पेक्टस बघून कॉलेज ठरवू नका. दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना लॅबच्या दारात उभं राहा आणि एका मायक्रोस्कोपमागे किती पोरं आहेत ते मोजा. आमच्याकडं चार होती.