रिमूव्ह की पर्ज? उबुंटूवरचा बिघडलेला मायएसक्यूएल

मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर काढून नव्याने टाकायचा, तर उबुंटूच्या एपीटी या पॅकेज साधनात दोन आज्ञा आहेत: रिमूव्ह आणि पर्ज. 'एपीटी रिमूव्ह'ने फक्त प्रोग्राम जातो. कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) आणि /व्हार/लिब/मायएसक्यूएलमधला डेटा जागेवरच राहतो. म्हणून चुकीच्या कॉन्फिगमुळे अडलेला सर्व्हर नव्याने टाकूनही तसाच अडतो. ती फाइल हाताने उडवली, तर डीपीकेजी (एपीटीमागचं, पॅकेज बसवणारं साधन) ती मुद्दाम काढली असं समजतो आणि परत आणत नाही!

'पर्ज' कॉन्फिगही काढतो, म्हणून नव्याने टाकल्यावर ती कोरी मिळते. मेख अशी, की नुसतं 'मायएसक्यूएल-सर्व्हर' पर्ज केलं तर केवळ मेटापॅकेज (दुसरी पॅकेजेस ओढून आणणारं नावापुरतं पॅकेज) निघतं. खरा सर्व्हर 'मायएसक्यूएल-सर्व्हर-8.0'सारख्या पॅकेजात असतो. डेटाबेस काढायचे का, हा प्रश्न आला तर 'नाही' म्हणा.

कॉन्फिग बिघडली असेल तर पर्जच बरा, पण आधी सर्व्हिस थांबवून 'सीपी -ए' या कॉपीच्या आज्ञेने डेटा बाजूला ठेवा. डिस्क भरली असेल तर रिमूव्ह आणि पर्ज दोन्ही व्यर्थ.